डॉक्टरांच्या खुर्चीसाठी पहिली ओळ

माणूस गेला की त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हे नातेवाइकांना फार लवकर कळतं. ताईच्या बाबांचे कोट, छत्र्या, रेडिओ, सगळ्यांची सोय पहिल्या काही दिवसांतच लागली. कोट मामाने नेले. ते त्याला होत नव्हते, पण होतील अशी आशा त्याने सोडलेली नव्हती. मागे उरली ती फक्त खुर्ची.

खुर्ची म्हणजे काही बैठकीच्या खोलीतली नव्हे. ताईचे बाबा दातांचे डॉक्टर. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना, आणि दवाखान्याच्या मधोमध ही हिरव्या रेक्झिनची, पायाने पंप दाबला की वर चढणारी आणि कळ ओढली की रोग्याला एकदम आडवा करणारी खुर्ची. वजन एखाद्या लहान म्हशीएवढं. चार बोल्ट जमिनीत गेलेले. इमारतीची पायाभरणी तिच्याभोवती झाली असावी, अशी ताईला लहानपणापासून शंका होती.

दवाखान्याची खोली इमारतीच्या मालकीची. तिथे आता व्यायामशाळा करायचं सभेत ठरलं होतं. महिनाअखेरीपर्यंत खोली रिकामी करून द्या, असं सेक्रेटरींनी फार हळहळून सांगितलं. ते हळहळत असतानाच त्यांच्यामागून भंगारवाला आत आला, त्याने खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि आवाज ऐकून समाधानाने मान हलवली.

आई वरच्या मजल्यावर होती. बाबा गेल्यापासून ती दवाखान्यात उतरली नव्हती. थाप मात्र तिला ऐकू गेली असावी. ताई वर आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "भंगारात जायची नाही ती. कुणीतरी दात काढायला वापरली पाहिजे."

आणि ती आत निघून गेली. आईने मोठ्याने सांगितलेल्या गोष्टींवर ताई वाद घालत असे. हळू सांगितलेल्या गोष्टींवर घालत नसे.

काम तसं सोपं होतं. खुर्ची चांगली होती, फुकट द्यायची होती, आणि जगात दातांच्या डॉक्टरांना तोटा नाही. समाजमाध्यमावर चार ओळी टाकायच्या, एखादा डॉक्टर येईल, घेऊन जाईल. लिहिण्याच्या बाबतीत ताईला स्वतःवर विश्वास होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. तिने वाचलेली पुस्तकं कपाटात मावत नव्हती. शिवाय विमा कंपनीत दावे नाकारणारी पत्रं लिहिण्याचं काम ती कित्येक वर्षं करत होती, आणि त्या खात्यात तिचा शब्द शेवटचा मानला जाई. पत्राची पहिली ओळ अशी हवी की वाचणाऱ्याने दुसरी वाचूच नये, हा त्या खात्याचा धर्म. ताईच्या पत्राला उलट पत्र आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

त्याच हातोटीने तिने लिहिलं: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सुस्थितीतील एक दंतवैद्यकीय खुर्ची विनामूल्य देणे आहे."

संध्याकाळपर्यंत ही पोस्ट दोघांना आवडली. एक मामा. दुसरी ती स्वतः, आणि तेही अंगठा चुकून लागल्यामुळे.

"अगं, हे काय लिहिलंयस?" मामाचा फोन आला. "मला वाटलं पाणी बंद राहणार आहे."

मामा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार टाकत असे, आणि त्याला मानणारा मोठा वर्ग होता. मध्यंतरी त्याने पोस्ट कशी लिहावी याचं एक दिवसाचं शिबिरही केलं होतं. तेव्हापासून तो साध्या बोलण्यातही पहिल्या वाक्यानंतर थांबून समोरच्याकडे बघत असे.

"पहिली ओळ म्हणजे गळ," मामा म्हणाला आणि थांबला.

"बरं."

"मासा काय बघतो? गळाला लागलेला किडा बघतो. तू किडाच लावला नाहीस. नुसती दोरी सोडलीस पाण्यात."

"मामा, मला डॉक्टर हवाय, मासा नको."

"सगळे मासेच गं ताई. किडे तीन प्रकारचे. भीती, गुपित आणि रडू. यांतला एक तरी पहिल्या ओळीत पाहिजे. शिबिरात दोन तास हेच शिकवलं."

शेजारच्या पार्लरवाल्या काकू तेव्हा वाटीभर साखर परत करायला आल्या होत्या. त्यांनीही मत दिलं. समाजमाध्यमावर मत द्यायला आमंत्रण लागत नाही, आणि काकूंना तर घरातही लागत नसे. "गुपित घ्या गुपित. मी मागे लिहिलं होतं, 'माझ्या केसांचं रहस्य सांगणार नाही.' दुसऱ्या दिवशी पार्लरच्या दाराबाहेर रांग!"

ताईला हे सगळं जरा उथळ वाटलं. पण इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला उथळ लिहिणं कठीण नसतं, फक्त खाली वाकावं लागतं. ती वाकली: "ही खुर्ची फुकट देतोय, पण कारण विचारू नका."

सगळ्यांनी कारण विचारलं.

तासाभरात एवढ्या प्रतिक्रिया आल्या की फोन टेबलावरून थरथरत कडेला सरकला आणि खाली पडला. कुणी लिहिलं, ढेकूण असणार. कुणी लिहिलं, फुकट म्हणजे नक्की चोरीची. एकाने थेट विचारलं, "किती माणसं गेली तिच्यावर?" त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, "तीन. माझ्या मेहुण्याच्या ओळखीतली." डॉक्टर एकही नाही.

सेक्रेटरी पायऱ्या चढून वर आले. त्यांना पायऱ्या चढायला वैद्यकीय मनाई होती. त्यामुळे ते वर आले म्हणजे प्रकरण गंभीर, हे आख्ख्या इमारतीला माहीत होतं.

"ताई, इमारतीची बदनामी होतेय. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक विचारतंय, खालच्या खोलीत काय घडलं म्हणून!"

"काय घडलं? दात काढले."

"तेच सांगितलं मी. तर म्हणे, कुणाचे?"

ताईने पोस्ट काढून टाकली. मात्र हरण्याची तिला सवय नव्हती. मामाच्या किड्यांपैकी भीती आणि गुपित एकाच पोस्टमध्ये वापरून झाले होते. आता उरलं रडू. ते तरी तिच्याकडे खरं होतं. त्या खुर्चीत एकाच घरातले आजोबा रडलेले, त्यांचा मुलगा रडलेला, नातू तर खुर्ची दिसायच्या आधीच, कोपऱ्यावर रडायला लागलेला तिने पाहिला होता. तिने एकटाकी लिहिलं, आणि वाचून स्वतःवर खूश झाली:

"या खुर्चीत बसून तीन पिढ्या रडल्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती जेवायला बसेपर्यंत ही ओळ हजारो लोकांनी पुढे पाठवली होती. खालच्या मजकुरात डॉक्टर, दात, दवाखाना सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. पण गळाला लागलेला मासा दोरी वाचत नाही. ज्याने त्याने पहिली ओळ घेतली आणि आपापल्या वाटेने धूम ठोकली. सासरी छळ झालेल्या बायकांनी तिच्याखाली आपापल्या कहाण्या लिहिल्या. एका पक्षाने ती खुर्ची म्हणजे सत्ता असं जाहीर केलं, दुसऱ्या पक्षाने तीन पिढ्यांचा अपमान म्हणून निषेध केला. एका नाटक कंपनीने कळवलं की आमच्या दुसऱ्या अंकात नायकाचा छळ होतो, त्याला ही चालेल, मात्र रक्ताचे डाग असल्यास पुसू नयेत. आणि संध्याकाळी दोन माणसं एक खोका घेऊन दारात उभी राहिली. खोक्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"आम्ही अतृप्त आत्मे मोजतो," त्यांच्यातला उंच माणूस म्हणाला. "खुर्ची कुठंय?"

"इथे एकच अतृप्त आत्मा आहे, आणि तो तुमच्याशी बोलतोय," ताई म्हणाली आणि दार लावलं.

तेवढ्यात ज्या संकेतस्थळावर हे सगळं चाललं होतं त्यांच्याकडूनच निरोप आला. 'छळाच्या साधनांची देवाणघेवाण' या कलमाखाली पोस्ट काढण्यात आली होती. ताईने सविस्तर खुलासा केला. बाबांची पदवी, भूल देण्याची पद्धत, सगळं लिहिलं. क्षणात उत्तर आलं: "आपली विनंती मान्य करता येत नाही, याचा आम्हांस खेद वाटतो."

ताईने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा संतापून, दुसऱ्यांदा कौतुकाने. वाक्य निर्दोष होतं. इतक्या वर्षांत आपली पत्रं मिळालेल्या लोकांना काय वाटलं असेल, हा विचार तिच्या मनात आला, आणि तिने तो सोमवारपर्यंत पुढे ढकलला.

कारण दारात आरोग्य खात्याचे निरीक्षक आले होते.

निरीक्षक पन्नाशीचे, इस्त्रीचे, आणि काखेत फाइल. कुणीतरी तक्रार केली होती की या पत्त्यावर डॉक्टरांविना दवाखाना चालू असून तिथे पिढ्यानपिढ्या लोकांना रडवलं जातं. ताई त्यांना खाली घेऊन गेली. कुलूप काढलं. निरीक्षक उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि मान लांब करून आत बघत म्हणाले, "दवाखान्याची नोंदणी अजून चालू दिसतेय. ती बंद होईपर्यंत आतली कुठलीही वस्तू हलवता येणार नाही."

"महिनाअखेरीला खोली रिकामी करायचीय."

"नोंदणी बंद करा, मग करा."

"कशी करायची?"

"डॉक्टरांनी स्वतः हजर राहून अर्ज करायचा."

"ते वारले."

"अरेरे," निरीक्षक म्हणाले. "मग प्रतिनिधी चालेल. फक्त प्रतिनिधी नेमल्याच्या कागदावर डॉक्टरांची सही लागेल."

"वारल्यानंतरची?"

"शक्यतो आधीची. त्यांनी आम्हाला आगाऊ कळवायला हवं होतं."

सेक्रेटरी मागेच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पण व्यायामाची यंत्रं एक तारखेला येतायत!"

"तीही मग आत नेता येणार नाहीत."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध चार बोल्टांवर खुर्ची. भंगारवाला जिन्याखाली बसून वाट बघत होता. सगळ्यांत निश्चिंत तोच दिसत होता. परक्या माणसांसमोर रडायची ताईच्या घरात पद्धत नव्हती. ती पद्धत बाबांनी फक्त रोग्यांसाठी ठेवली होती.

"आत येऊन बघा तरी," ती निरीक्षकांना म्हणाली. "पाहणी दारातून करतात का?"

निरीक्षक हलले नाहीत. त्यांचा हात नकळत डाव्या गालाकडे गेला होता. ताईने तो हात पाहिला. असे हात तिने लहानपणी याच पायऱ्यांवर रांगेने बसलेले पाहिले होते.

"तुम्ही इथे येऊन गेलाय," ती म्हणाली.

"लहान होतो. दुसरीत," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांचा आवाजही थोडा दुसरीतला झाला. "दाढ होती. मी तोंड गच्च मिटून बसलो होतो. वडील ओरडतायत, आई चुचकारतेय, मी काही उघडत नाही. डॉक्टर कुणालाच काही बोलले नाहीत. हात धुतले आणि मला म्हणाले, 'काल आमच्या गल्लीतल्या घोड्याला चष्मा लागला.'"

"मग?" सेक्रेटरी म्हणाले.

"मग काय! माझा झाला आ. तेवढ्यात सूज उतरवायची सुई आत. कळलंही नाही. मी विचारलं, पुढे काय झालं? तर म्हणाले, पुढचं पुढच्या खेपेला." निरीक्षकांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "दुसऱ्या खेपेला मी आलोच नाही. भीती वाटली. दाढ अजून तशीच आहे, आणि घोडाही."

सेक्रेटरी एकदम ओरडले, "मला ते एका बाईबद्दल सांगत होते! नवऱ्याचे दात पिशवीत घालून बाई धावतेय आणि मागून नवरा! मी तीन खेपा घातल्या त्यासाठी."

"शेवट सांगितला?" निरीक्षकांनी विचारलं.

"सांगितला ना. कवळी बसवल्यावर. काय हसलो! नवी कवळी हातात आली."

ताई दोघांकडे बघत राहिली. घरात बाबा मोजकं बोलत. तिचे दात त्यांनीच काढले होते, पण तिला कधी घोडा मिळाला नव्हता. ती हातात पुस्तक घेऊनच खुर्चीत बसे, आणि त्यातच गुंगलेली असताना दात निघून जाई. तिला बाहेरच्या कुणाच्या गोष्टीची गरज पडली नव्हती. याचा आजवर तिला अभिमान होता.

ती वर गेली. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"आई, घोड्याला चष्मा लागला, मग पुढे काय झालं?"

आईने चिमटा तोंडात धरला होता. तो काढून ती सहज म्हणाली, "कुठला घोडा? गाडीवाल्याचा? अगं, त्याला मालकच ओळखू येईना. रोज भलत्याच गाडीवाल्याला घरी घेऊन जायचा." आणि मग तिचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुला कसं माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? मीच केलं होतं ते." आईने चादरीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "ह्यांना पहिली ओळ सुचायची. एकच. पुढे ठार अंधार. रात्री जेवायला बसले की म्हणायचे, आज घोड्याला चष्मा लावून आलोय, आता काय करू? मी म्हणायची, लावायचं तुम्ही आणि निस्तरायचं मी. पोळी होईस्तोवर काहीतरी सुचायचं मला. उद्या पेशंट येणार ना परत!"

"मी कुठे होते तेव्हा?"

"तिथेच की. समोर. पुस्तकात डोकं घालून."

घरात चाललेली सोडून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी ताईने वाचल्या होत्या. तिने आईला खालच्या निरीक्षकांचं आणि अडलेल्या नोंदणीचं सांगितलं. आईने खाली वाकून पायात चपला घातल्या.

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आई दवाखान्यात उतरली. खुर्चीकडे तिने एकदाच बघितलं, हात टेकायच्या जागेचं रेक्झिन जरा पुसल्यासारखं केलं, आणि निरीक्षकांकडे वळली. "घोडा तुमचा का?"

"हो, काकू," निरीक्षक म्हणाले.

"सांगते. आधी नोंदणीचं बघा."

निरीक्षक क्षणभर काखेतल्या कायद्याकडे बघत राहिले. मग उंबरा ओलांडून आत आले, पुढच्या टेबलावर फाइल उघडली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. डॉक्टर हजर नाहीत व यापुढेही राहणार नाहीत, अशी खात्री झाली. नोंदणी बंद.' शिक्का मारला. मग ते घोड्याची गोष्ट पूर्ण ऐकत खुर्चीच्या कडेला टेकले, आणि इतके हसले की गाल धरून बसावं लागलं. दाढ खरंच काढायला झाली होती.

त्या रात्री ताईने पोस्ट लिहिली. मामाला विचारलं नाही. किडा शोधला नाही. पहिली ओळ बाबांची ठेवली, "काल आमच्या गल्लीतल्या घोड्याला चष्मा लागला," आणि खाली सरळ लिहिलं की हे म्हणणारे डॉक्टर आता नाहीत, त्यांची खुर्ची आहे, तोंड न उघडणाऱ्या माणसांचं तोंड उघडण्याचा तिला दांडगा अनुभव आहे, आणि ती दात काढणाऱ्यालाच द्यायची आहे.

ही काही हजारो लोकांनी पुढे पाठवली नाही. पण ज्यांनी वाचली त्यांनी खालपर्यंत वाचली. जुने रोगी जमा झाले. कुणाला मिशी उधार मागणारा शेजारी मिळाला होता, कुणाला उलटं चालणारं घड्याळ. काहींचे शेवट राहून गेले होते, ते आईने फोनवरून पुरे केले. पार्लरवाल्या काकूंनी आपल्याला गोष्टच मिळाली नाही अशी तक्रार केली. आई म्हणाली, "तुमचं तोंड उघडंच असायचं." काकूंनी ते कौतुक समजून घेतलं.

आणि तिसऱ्या दिवशी एका लांबच्या गावातून एका मुलीचा निरोप आला. नुकतीच डॉक्टर झालेली. तिने लिहिलं होतं, "खुर्ची मला द्या. माझ्याकडे पेशंट येतात, बसतात आणि तोंड मिटून घेतात. मी अजून एकही दाढ काढलेली नाही."

आईने ते वाचून घेतलं, आणि म्हणाली, "हिला द्या."

बोल्ट निघायला दुपार गेली. मामाने सूचना दिल्या, सेक्रेटरींनी हळहळत पाना धरला, आणि शेवटी भंगारवाल्यालाच बोलवावं लागलं, कारण गंजलेलं लोखंड हलवायची विद्या त्याच्यापाशीच होती. त्याने खुर्ची टेम्पोत चढवूनही दिली. फुकट चढवली नाही, हे त्याच्या धंद्याला शोभूनच होतं. जमिनीत चार भोकं राहिली. व्यायामशाळेने त्यांच्यावर सायकल उभी केली.

पुढच्या आठवड्यात फोन आला. ताई आणि आई जेवत होत्या. डॉक्टरीणबाई कुजबुजत होती.

"काकू, खुर्चीत निवृत्त फौजदार बसलेत. सुजलेली दाढ आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडवली, पण स्वतःचं उघडत नाहीत. तुमचा घोडा सांगितला. म्हणाले, ऐकलाय. अख्ख्या गावाने ऐकलाय. एखादी नवी पहिली ओळ द्या ना. लवकर!"

"पहिल्या ओळी माझ्या नव्हेत गं," आई म्हणाली. "मला त्या कधीच जमल्या नाहीत." आणि तिने फोन ताईपुढे धरला.

ताईच्या हातात घास होता. जगातली कितीतरी सुरुवातीची वाक्यं तिला पाठ होती, आणि त्या क्षणी एकही आठवलं नाही. तिने घास खाली ठेवला.

"फोन स्पीकरवर लाव," ती डॉक्टरीणबाईला म्हणाली. "फौजदारसाहेब, ऐकू येतंय? आमच्याकडे एकदा चोर शिरला. सकाळी उठून सगळं सामान मोजलं, तर दोन वस्तू जास्त निघाल्या."

पलीकडे खुर्चीचं रेक्झिन करकरलं, कुणीतरी मान वर उचलल्यासारखं. मग एक जाड, घोगरा, सरकारी आवाज आला, "जास्त? कोणत्या..."

तो तिथेच थांबला, आणि "आ" तेवढा उरला. मागोमाग डॉक्टरीणबाईचं घाईघाईचं "थँक्यू, उद्या परत येणारेत ते!" आणि फोन बंद.

ताई पुन्हा घास उचलणार, तर आई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"कोणत्या दोन?" आईने विचारलं.

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. "ते तुझं खातं."

"लावायचं तुम्ही आणि निस्तरायचं मी," आई पुटपुटली. तिने भाताचा डाव हातात घेतला, ताईच्या पानाजवळ तसाच धरून ठेवला, आणि भिंतीकडे बघत विचार करायला लागली.